आप्पांची रेघ

माझी लेक चंदना खऱ्या विमानात बसायच्या आधी खोट्या विमानात इतक्यांदा बसली, की पायलटनं तरी एवढी तालीम केली असेल का, देव जाणे. खोटं विमान म्हणजे काय, तर कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका शेडमध्ये उभा केलेला जुन्या एसटीचा सांगाडा. आत विमानाच्या खुर्च्या, वर विमानाचे दिवे, खिडक्यांच्या जागी पडदे आणि पडद्यांवर ढग. बुडाखाली एक मोटर होती, ती सुरू झाली की दातावर दात वाजायचे. बाहेरून पांढराशुभ्र रंग दिला होता, तरी आम्ही सगळ्या आया तिला 'लाल परी'च म्हणायचो.

चंदना नऊ वर्षांची. तिला स्वमग्नता आहे. असं सांगितलं की लोक एकतर "अरेरे" म्हणतात, नाहीतर "पण गणितात हुशार असेल ना?" असं विचारतात. नाही हो, गणितात हुशार नाही. तिला बाटल्यांची झाकणं रांगेत लावायला आवडतं, वरणभात आवडतो आणि आप्पा आवडतात. आप्पा म्हणजे माझे सासरे. मिक्सर लागला, नेहमीचा रस्ता बंद निघाला, मी साडीऐवजी ड्रेस घातला, की ती भिंतीवर डोकं आपटून घेते. झोपेच्या गोळीचं म्हणाल तर दातांच्या डॉक्टरकडं नेताना एकदा देऊन बघितली. पोरगी झोपायची राहिली बाजूला, दुप्पट पेटली.

माझा नवरा अभिनंदन जर्मनीत एका इस्पितळात नर्स आहे. तो गेला तेव्हा चंदनाचे दुधाचे दात पडायचे होते. आता बायको-मुलीला बोलवायची परवानगी मिळाली होती. फक्त बायको-मुलीलाच, आईबापाला नाही. तिकडं चंदनासारख्या मुलांची शाळा त्याच्या घरामागंच होती. शाळेचं कारण खरंच होतं, पण खरं सांगू? मी दमले होते. जयसिंगपूरच्या त्या घरात सकाळी उठल्यापासून पोरीच्या डोक्याखाली हात धरून फिरत होते मी. दमणं काही चुकणार नव्हतं, पण मला आता दोघांनी मिळून दमायचं होतं.

आणि इथं एक यंत्र आडवं आलं.

पूर्वी रडणारं पोर विमानात चढायचं. शेजारचे लोक नाकं मुरडायचे, आई खाली मान घालून बसायची, पण चढायचं. मग 'चाहूल' निघालं. असल्या पोरांना प्रवास सोपा व्हावा म्हणून चांगल्या माणसांनी काढलेलं यंत्र. दोन-चार वर्षांत विमान कंपन्या म्हणायला लागल्या, यंत्र आहे ना? मग तालीम करा, यंत्राचा हिरवा शेरा आणा आणि मगच चढा. ज्या रोगाचं औषध निघालं, तो रोग असणं हाच गुन्हा ठरला.

यंत्र कसं चालतं ते मला मुबीनानं समजावलं. मुबीना मुजावर, आमची तालीम घेणारी. चोवीस-पंचवीसची पोर, बोलायला मिरची, पण चंदनाच्या तोंडची लाळ स्वतःच्या ओढणीनं पुसायची.

"वहिनी, जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटतं आणि ती नसतेच, तेव्हा काय होतं?"

"धस्स होतं."

"ते धस्स म्हणजेच सगळं. मेंदू नुसता बघत-ऐकत नसतो. पुढं काय येणार याचा तो सारखा अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की मेंदूत विजेची एक लाट उठते. तुमच्या-माझ्या डोक्यात दिवसभर असल्या लाटा उठतात आणि मेंदू 'जाऊ दे की' म्हणून सोडून देतो. चंदनाचा मेंदू सोडत नाही. तिची प्रत्येकच पायरी चुकते."

हे ऐकल्यावर मी त्या रात्री पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. इतकी वर्षं डॉक्टरांनी जे सांगितलं नव्हतं, ते या पोरीनं एका जिन्यात सांगितलं.

चाहूल म्हणजे कपाळाभोवती बांधायचा मऊ पट्टा आणि कानामागं दोन गोट्या. पट्टा लाटा मोजतो आणि एका पडद्यावर त्यांची रेघ काढतो. गोट्या टिचक्या देतात. मोटर धडधडायच्या आधी एक प्रकारची टिचकी, खुर्चीचा पट्टा आवळायच्या आधी दुसऱ्या प्रकारची, कानात दडा बसायच्या आधी तिसरी. तालमीत मेंदूला जोड्या पाठ होतात. टिचकी आली, म्हणजे आता हे येणार. मग लाट बारकी होत जाते. खऱ्या विमानात यंत्र आवाज आणि हादरे ओळखून आधीच टिचकी देतं. कुणीतरी कानात सांगावं तसं, बाई गं, पायरी आहे, बेतानं.

पट्टा घरीही लावायचा होता, रेघ दाखवणारा एक छोटा पडदाही घरी दिला होता. कारण यंत्राला आणखी एक कळतं. ओळखीचं काही येणार असं वाटलं की ते येण्याआधीच त्याची खूण मेंदूत उमटायला लागते. वरणभाताची वेगळी, माझ्या बांगड्यांची वेगळी, आप्पांच्या हाकेची वेगळी. महिनोन्महिने सोबत राहून यंत्र त्या खुणा शिकतं. पोर कशाची वाट बघतंय ते त्याला पोराच्या आधी समजतं.

पावसाळा सरता सरता चंदनाची तालीम अशी झाली, की बाकीच्या आया माझ्याकडं बघून सुस्कारे टाकायच्या. घरातून निघणं, गाडी, तपासणी, खुर्ची, मोटर, ढग, सगळीकडं रेघ सपाट. मोटर वाढली की चंदना टाळ्यासुद्धा वाजवायची. आणि मग विमान 'उतरलं', दार उघडलं, की घात. पोरगी दारात उभी राहायची, इकडं बघायची, तिकडं बघायची आणि अशी किंकाळी फोडायची, की शेजारच्या वर्कशॉपमधली माणसं काम टाकून यायची. पडद्यावरची रेघ छताला.

मुबीनानं सगळं करून बघितलं. दार हळू उघडलं, दिवे मंद केले, अभिनंदनचा आवाज लावला, त्याचा शर्ट मागवून तो एका पोराला घालून दारात उभा केला. काही उपयोग नाही. उतरताना लाल, म्हणजे शेरा लाल. तिकिटं काढलेली, शाळेनं जागा धरून ठेवलेली.

एके दिवशी मुबीनानं मला पडद्यापाशी बोलावलं.

"वहिनी, ही बघा बारीक रेघ. ही घरातून निघाल्यापासून चढायला लागते. चढत चढत उतरेपर्यंत जाते. ही कसली खूण आहे माहितीय? आप्पांच्या हाकेची. दार उघडलं की आप्पा हाक मारणार म्हणून ती बसलेली असते. सगळा प्रवास ती त्याचसाठी करते."

"पण तिला आप्पांची वाट बघायला कुणी सांगितलं?"

"तेच विचारतेय. निघताना तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? येतो म्हणतो."

बोलले आणि माझ्याच जिभेला चटका बसला.

आमच्यात, आणि आमच्यातच कशाला, कुणाच्याही घरात, निघताना 'जातो' म्हणत नाहीत. जायचं असलं तरी 'येतो'च म्हणायचं. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं म्हणून पाठीत धपाटे खाल्लेत मी. चंदनाला तर मी ते वाक्य घोटून शिकवलं होतं. उंबऱ्यात उभं राहायचं, आप्पांकडं बघायचं, 'येतो आप्पा' म्हणायचं. तिला मोजकी वाक्यं येतात, त्यातलं हे एक. आपण बोलायचं म्हणून बोलतो. तिला तसं बोलता येत नाही. येतो म्हणजे येतो.

मुबीनानं बंगळुरूच्या कंपनीला कळवलं. तिथला इंजिनियर विचारतो, "येतो म्हणजे कोण येतंय?" मुबीना म्हणाली, "कुणी नाही, हे लोक जातायत." तो म्हणाला, "मग तसं म्हणा की." घ्या! अक्कल काही विकत मिळत नाही म्हणतात ते खरं आहे.

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. आप्पा साखर कारखान्यात केमिस्ट होते. आयुष्य रसाचे नमुने तपासण्यात गेलं, पण बोलणं अस्सल शिरोळचं. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम आहे आणि त्यांच्या पाटाशेजारी चंदना झाकणं मांडून बसते, हा तिचा नेम. तसे दोघं बसले होते.

"जातो म्हणायचं?" आप्पांचा घास हातातच राहिला. "भरल्या ताटावर असलं बोलतीस व्हय, पद्मजा? जातो कोण म्हणतं? ज्याला परत यायचं नसतंय, त्यो."

तोवर आमच्या घरात ही गोष्ट कुणी उच्चारली नव्हती. बघू की, येता येईल, उन्हाळ्यात या, असलं काहीबाही चाललं होतं. एवढ्या पोरीला एकदा न्यायला एवढी तालीम लागत असेल तर आणायचं कुणी आणि पुन्हा न्यायचं कुणी? आप्पांचं वय झालेलं. फोनचं म्हणाल तर चंदनाला फोनमधला माणूस माणूस वाटतच नाही. पेटीतून आवाज आला की ती कान झाकून दुसऱ्या खोलीत जाते. स्वतःच्या बापालाही तिनं एवढ्या वर्षांत फोनवर ओळख दिली नव्हती. म्हणजे निघालो की चंदनापुरते आप्पा संपले आणि आप्पांपुरती चंदना. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही ताटाकडं बघत बसलो.

तरी आप्पांनी हट्ट सोडला. दुसऱ्या दिवसापासून चंदना उंबऱ्यात उभी राहून "जातो आप्पा" म्हणायला लागली. प्रत्येक वेळी आप्पा तोंड फिरवून "णमो अरिहंताणं" पुटपुटायचे. दोन-तीन तालमी बऱ्या गेल्या. चढणारी रेघ थोडी खाली आली. मला वाटलं, सुटलो. आणि मग पुन्हा किंकाळी, पुन्हा छत.

"होणारच," मुबीना हताश होऊन म्हणाली. "जातो म्हणून निघते आणि संध्याकाळी घरी येते. आप्पा दारात असतात, 'आलीस व्हय गं?' म्हणतात. मग जातो म्हणजेही येतोच झालं तिच्यासाठी. वहिनी, शब्दाचं काय घेऊन बसलात, परत यायचं नाही याची तालीमच आपल्याला देता येत नाही. तालीम संपली की पोरगी घरीच जाणार ना!"

संध्याकाळी अभिनंदनचा फोन आला. सगळं ऐकून तो चिडला. "एका म्हाताऱ्या माणसापायी माझ्या पोरीची शाळा जाणार का?"

"म्हातारा माणूस तुझा बाप आहे," मी म्हटलं. "आणि तो बाप इथं बसून ऐकतोय."

आप्पा खरंच ऐकत होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "अभि, तू काय वाईट बोलला न्हाईस. बरोबर बोललास." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरीनं जायची तालीम हुईत न्हाई न्हवं? मग मी जातो."

"कुठं जाता?"

"इचलकरंजीला. रत्नीकडं." रत्नप्रभा म्हणजे माझी नणंद. "पोरगी तालमीहून घरी येऊ दे. घर आसू दे, पाट आसू दे, आप्पा नसू देत. हुईल की सवय."

"आप्पा, अहो, शेवटचेच थोडे दिवस राहिलेत तुमच्याजवळ तिचे."

"म्हणून तर. त्येवढंच माझ्याकडं हाय द्यायला."

मी 'नको' म्हणायला हवं होतं, असं वाटेल कुणाला. मलाही वाटलं. पण माझ्या तोंडून 'नको' आलं नाही, कारण दुसरा उपाय नव्हता आणि मला जायचं होतं. मी आत जाऊन त्यांची पिशवी भरायला घेतली. धोतरं, चष्मा, गोळ्या. हात चालत होते आणि डोळे वाहत होते. आप्पा दारातून म्हणाले, "गप की. मी काय लढाईला निघालो न्हाई." लढाईच बरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पिशवी घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. चंदना पट्टा बांधून समोर. तिला हे उलटं वाटलं असणार. आप्पा घरात आणि आपण उंबऱ्यात, असं असतं ना. ती पुढं आली आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून तिनं त्यांना वाक्य आठवून दिलं. पहिलं, जुनं.

"येतो म्हण," ती म्हणाली.

आप्पांचा चेहरा मला बघवेना.

"येतो म्हण, आप्पा."

"न्हाई, चंदू." आप्पा खाली बसले, तिच्या डोळ्यासमोर. "येतो न्हाई. आप्पा जातो."

आणि गेले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाच्या तोंडून निघताना तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही, कारण मुबीनानं तसं बजावलं होतं. मागं वळलेला माणूस परत येतो, असं चंदनाच्या डोक्यात बसायला नको.

ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. तालमीहून घरी यायचो, दारात हाक नाही. चंदना आत जायची, बाहेर यायची, माडीवर जायची. दिवस कलला की पाटाशेजारी झाकणं मांडून बसायची आणि रेघ चढत जायची. सूर्य मावळायचा. मग ती जे करायची, ते मी लिहिणार नाही. तिच्या डोक्याखाली हात धरून धरून माझं मनगट सुजलं होतं.

आप्पा रोज दुपारी फोन करायचे. "रडली?"

"रडली."

"कालच्यापरीस?"

"कमी."

"झकास," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. दुसरं काही विचारायचे नाहीत.

रेघ खरंच उतरत होती. आधी सूर्य मावळेपर्यंत चढायची, मग निम्म्यातच दमायला लागली, मग नुसती थरथरायची. मी पडद्याकडं बघत बसायचे. माणूस मेल्यावर घर त्याला हळूहळू विसरतं म्हणतात. इथं माणूस जिवंत होता, वीस-पंचवीस किलोमीटरवर बसून गोळ्या घेत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत पुसला जात होता. पुसायची मेहनत मीच घेत होते. एका संध्याकाळी चंदना पाटाजवळ आली आणि सगळी झाकणं तिनं पाटावरच मांडली. तिला तेवढीच जागा जास्त मिळाली. मी पडद्याकडं बघितलं. रेघ सपाट होती.

दोन दिवसांनी खोट्या विमानाचं दार उघडलं. चंदना बाहेर आली, पायरी उतरली, माझा हात धरला. कुणाला शोधलं नाही. "हिरवा!" मुबीना ओरडली आणि तिनं मला मिठी मारली. सगळ्या आया टाळ्या वाजवायला लागल्या. कुणीतरी पेढे आणले. मी पेढा हातातच ठेवला.

"आता तरी आप्पांना बोलवू का?" मी मुबीनाला विचारलं. "एकच दिवस. निघायच्या आधी."

तिनं मान खाली घातली. "वहिनी, एकदा दिसले की सगळं पहिल्यापासून."

मी आप्पांना फोन केला. त्यांनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "खुळी का काय तू? तापवून तापवून साखर धरली आणि आता पाणी ओततीस व्हय?"

मग आम्ही निघालो. विमानतळावर वर्दीतल्या मुलीनं पट्ट्यावरचा हिरवा दिवा बघितला आणि "शहाणी गं बाळ ती" म्हणून चंदनाच्या गालाला हात लावला. त्याआधीच टिचकी आली असणार, चंदना दचकली नाही. कोल्हापूर ते मुंबई, मुंबईहून पुढं. खरं विमान लाल परीपेक्षा कमी हादरतं. ढग आले तेव्हा चंदनानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं आणि हसून म्हणाल्या, "किती गुणी मुलगी! काही त्रासच नाही." पूर्वी हे वाक्य ऐकायला मी काय दिलं नसतं.

उतरलो. दार उघडलं. चंदना सरळ चालत गेली. अभिनंदन समोर उभा होता, दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, शर्टाचा वास घेतला आणि त्याचं बोट धरलं. त्यानं मला विचारलं, "हे कसं केलं तू?" मी म्हटलं, "मी नाही केलं. तुझ्या बापाला विचार."

घरी पोचल्यावर इचलकरंजीला फोन लावला. पहिल्याच घंटीला आप्पांनी उचलला.

"पोचलासा?"

"पोचलो, आप्पा."

"उतरताना काय झालं?"

"काही नाही झालं. शांत उतरली."

"दारात थांबली का? इकडंतिकडं बघितली?"

"नाही."

"वाट बघितली न्हाई कुणाची?"

खोटं सांगावं असं फार वाटलं. पण ज्या गोष्टीसाठी त्या माणसानं घर सोडलं होतं, ती झाली नाही असं कसं सांगू?

"नाही आप्पा. कुणाचीच नाही."

"वा! वा! पास झाली की गं पोरगी," आप्पा म्हणाले आणि मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी "आप्पा, आप्पा" करत राहिले. थोड्या वेळानं फोन वन्संनी घेतला.

"वहिनी, मागनं बोलू," त्या हळूच म्हणाल्या. "आप्पा रडायलेत."

मी फोन ठेवला. चंदना खिडकीशी बसली होती, नवीन देशातली झाकणं तिच्यासाठी बापानं साठवून ठेवली होती, ती मांडत होती. अभिनंदन कौतुकानं बघत होता. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले, तिच्या कपाळावरचा पट्टा सोडला आणि तिचं तोंड माझ्याकडं वळवलं.

"चंदू," मी म्हटलं, "रड की गं थोडी."

तिनं माझ्याकडं बघितलं, मला काय हवंय ते तिला कळलं नाही. तिनं एक लाल झाकण उचलून माझ्या हातावर ठेवलं आणि पुढची रांग लावायला घेतली.